खोऱ्यांतील शांतता

निसर्गसौंदर्याविषयीं लिहूं पाहणाऱ्यानें आपण कोठें उभे राहून बोलत आहों तें आरंभींच सांगून टाकावें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. दरीचें वर्णन करणारा लेखक बहुधा स्वतःला त्या वर्णनांतून काढून घेतो. जणूं ती दरी कोणीं पाहिलीच नाहीं, आपण होऊनच ती कागदावर उतरली! म्हणून प्रथमच सांगतों, कीं आम्ही कोयनेच्या खोऱ्यांत राहणारे नव्हे. वर्षांतून एकदां, बहुधा मार्गशीर्षांत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले म्हणजे चार दिवस तेथें जाणारे आहों. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरावें, लाँचेनें पलीकडे जावें, रानांतून हिंडावें आणि मन निवलें म्हणजे परत फिरावें, हा आमचा वीस-बावीस वर्षांचा क्रम. या क्रमांत आम्हांस कांहीं गैर आहे असें कधीं वाटलें नव्हतें. आतां वाटतें किंवा कसें, याचाच विचार पुढें करावयाचा आहे.

कोयनेची एक तऱ्हा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जन्मलेल्या, देशाकडे उतरणाऱ्या नद्या बहुतेक उगमापासूनच पूर्वेची वाट धरतात. कृष्णा आणि कोयना या महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावरच्या बहिणी. पण कृष्णा वाईकडे निघून जाते आणि कोयना मात्र दक्षिणेकडे वळते. सह्याद्रीची मुख्य रांग उजव्या हाताला आणि बामणोलीची रांग डाव्या हाताला ठेवून ती सुमारें 65 किलोमीटर तशीच चालत राहते. पुढें हेळवाकापाशीं तिला पूर्वेकडे वळावयास वाट मिळते व कराडास ती आपल्या बहिणीला भेटते. या दोन रांगांच्या ओंजळींत सांपडलेला जो लांबट, अरुंद पट्टा, तेंच हें खोरें. वर्षाकाठीं येथें सुमारें 200 इंच पाऊस कोसळतो. तो संपून धुकें विरळ होऊं लागलें, कीं डोंगरांच्या अंगावरची हिरवळ पिवळी पडूं लागते आणि खालीं जांभूळ, अंजनी, हिरडा, आईन यांची दाटी मात्र तशीच काळी-हिरवी राहते. पहांटे पाणी दिसतच नाहीं. दिसतो तो पांढऱ्या धुक्याचा एक संथ ओघ. ऊन वासोट्याच्या माथ्यावरून खालीं उतरूं लागलें, म्हणजे त्या धुक्याला भोकें पडतात आणि त्यांतून निळें पाणी हळूहळू वर आल्यासारखें वाटतें. बाबूकड्याच्या कडेला उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर कोकण एकदम पायांखालीं पसरलेलें असतें, आणि त्या बाजूनें वारा असा वर चढत येतो, कीं बोललेला शब्द तोंडांतच राहतो.

परंतु आम्ही तेथें जातों तें पाहण्यासाठीं म्हणून नव्हे, ऐकण्यासाठीं. किंबहुना न ऐकण्यासाठीं. शहरांतल्या माणसाला शांतता म्हणजे आवाजाचा अभाव असें वाटत असतें, पण या खोऱ्यांतील शांतता तशी पोकळ नाहीं. शेकरूनें फांदीवरून फांदीवर झेप घेतली, कीं पानें खळखळतात. पहांटे शीळकरी कस्तूर आपली माणसासारखी शीळ घालीत असतो. दुपारीं एखादें वाळकें फळ पडलें तर त्याचाहि आवाज होतो. शांतता आहे ती वेगळ्याच अर्थानें. हे आवाज आपणांपाशीं कांहीं मागत नाहींत. घरीं, महाविद्यालयांत, रस्त्यावर आपल्या कानावर पडणारा प्रत्येक आवाज कसली ना कसली तरी मागणी करीत असतो; उत्तर द्या, बाजूला व्हा, विकत घ्या, लक्ष द्या. येथें कोणी कांहीं मागत नाहीं. आपणांवांचून जें पूर्ण आहे, त्याच्या सान्निध्यांत बसून राहण्याचें सुख तें हें. आमच्या मतें डोंगरदऱ्यांच्या ओढीचें मर्म रंगरूपापेक्षां या अयाचितपणांत अधिक आहे.

चारेक वर्षांपूर्वीं ज्या लाँचवाल्याबरोबर आम्ही पलीकडे जात होतों, त्याला आम्हीं सहज म्हटलें, "तुम्ही भाग्यवान. इतक्या शांत जागेंत तुमचें आयुष्य जातें."

तो पन्नाशीचा, आमच्याच वयाचा होता. सुकाणूवरचा हात न काढतां तो म्हणाला, "शांत न्हाय सर. मोकळं झालंय."

पुढें त्यानें जें सांगितलें त्यांत तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याची माहिती द्यावी तसें तो बोलत होता. त्याच्या आजोबांचा गांव आमच्या लाँचेखालीं होता. पाणी चढलें तेव्हां निम्मी भावकी सोलापुराकडे गेली; त्याच्या बापानें मात्र वर सरकून डोंगराच्या कुशींत घर बांधलें. तेथें नाचणी आणि वरी पिकेल तेवढी. वाडींतलीं पोरें मुंबईला बाजारांत ओझीं वाहावयास गेलीं तीं गेलींच. शाळेंत मुलें उरलीं नाहींत म्हणून शाळा मिटली. "घंटा वाजायची शाळंची, ती बी गेली," तो म्हणाला. "तुमास्नी बरं वाटतं ते आमास्नी वाटंल कसं?"

आम्ही निरुत्तर झालों असें म्हटल्यास तें खोटें होईल. शिक्षक सहसा निरुत्तर होत नाहीं. त्या दिवशीं आम्ही मनाशीं लगेच एक उत्तर तयार केलें: उपयोगाची दृष्टि निराळी आणि सौंदर्याची निराळी, ज्याला खोऱ्यांत पोट भरावयाचें आहे त्याला तें सुंदर दिसणार नाहीं, आणि ज्याला सुंदर दिसतें त्याला तेथें पोट भरावयाचें नसतें. हें उत्तर आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकवीत आलों आहों, आणि त्याला आधार कांहीं लहान माणसाचा नाहीं. कांटनें 1790 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या तिसऱ्या चिकित्साग्रंथांत आरंभींच एका राजवाड्याचें उदाहरण घेतलें आहे. हा वाडा सुंदर आहे काय, असें मला कोणीं विचारलें असतां, मोठ्या लोकांच्या डामडौलापायीं जनतेचा घाम असल्या निरुपयोगी वस्तूंवर खर्ची पडतो, असा रूसोच्या धर्तीवर मला संताप व्यक्त करतां येईल. पण तें प्रश्नाचें उत्तर नव्हे, असें तो म्हणतो. प्रश्न एवढाच, कीं त्या वस्तूच्या नुसत्या दर्शनानें मला आनंद होतो कीं नाहीं. वस्तु असावी कीं नसावी, ती कोणाच्या श्रमांनीं झाली, याची ज्याला पर्वा आहे तो सौंदर्याचा न्यायाधीश होऊं शकत नाहीं.

कोयनेच्या खोऱ्याला हा न्याय लावून पाहावा. धरणाचें काम 1950 नंतरच्या दशकांत सुरू झालें. 1960 नंतरच्या आरंभींच्या वर्षांत पाणी चढूं लागलें आणि 1962 सालीं पश्चिमेकडे पोफळीस वळविलेल्या पाण्यावर वीज होऊं लागली. सुमारें शंभर गांवांना पाणी लागलें. माणसें कांहीं सोलापूर-सांगलीच्या कोरड्या माळावर गेलीं, कांहीं घाटाखालीं कोकणांत, कांहीं लाँचवाल्याच्या बापाप्रमाणें काठावरच वर सरकलीं. 11 डिसेंबर 1967 च्या पहांटे झालेल्या भूकंपानें सुमारें 180 माणसें घेतलीं. पुढें 1985 सालीं येथें अभयारण्य झालें, 2010 सालीं तें व्याघ्रप्रकल्पांत गेलें, आणि 2012 सालीं सह्याद्रीच्या इतर कांहीं भागांबरोबर जागतिक वारशाच्या यादींतहि त्याचें नांव लागलें. म्हणजे आम्ही ज्या शांततेंत जाऊन बसत होतों, तिचें वय पुरतें सत्तर वर्षांचेंहि नाहीं. ती आमच्या वडिलांपेक्षां लहान आणि आमच्याहून थोडीच मोठी!

तत्पूर्वीं हें खोरें शांत असल्याचा इतिहासाला पत्ता नाहीं. वरच्या अंगाला जावळी. 1656 सालीं शिवाजीमहाराजांनीं चंद्रराव मोऱ्याकडून ती घेतली, त्या काळीं जावळीचें रान म्हणजे शांततेचें नव्हे, धास्तीचें दुसरें नांव होतें; 1659 सालीं अफझलखानाला येथवर ओढून आणण्यांत या रानाचाच उपयोग झाला. आणि जेव्हां लढाई नव्हती तेव्हां राब जाळण्याचा धूर होता, नाचणीची लावणी होती, गुरांच्या गळ्यांतल्या घांटा होत्या, जत्रेचे ढोल होते. ज्या दाट झाडीला आपण आज आदिम अरण्य समजतों तिच्यांतील कांहीं भाग तर देवराया आहेत. तेथें झाडें राहिलीं तीं माणूस नव्हता म्हणून नव्हे, तर माणसानें कुऱ्हाड न लावण्याचा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळला म्हणून.

आतां कांटचा राजवाडा येथें पुरा पडतो काय? आमच्या मतें पडत नाहीं, आणि तो कां पडत नाहीं हें कांटनेंच त्याच ग्रंथांत पुढें सांगून ठेविलें आहे. तेथें एका यजमानाची गोष्ट आहे. खेडेगांवची हवा खावयास आलेल्या पाहुण्यांना बुलबुलाचें गाणें ऐकवावयाचें, पण आसपास बुलबुल नाहीं. म्हणून त्यानें एका खट्याळ पोराला बोरूची शीळ देऊन झुडपांत लपविलें. पाहुणे खुलले. पण ही लबाडी कळली रे कळली, कीं मघां मधुर वाटलेलें तें गाणें कोणी क्षणभरहि ऐकून घेणार नाहीं, असें कांट म्हणतो. सूर तेच, चंद्रप्रकाश तोच. मग गेलें काय? तर तो आवाज निसर्गाचा आहे हा विश्वास गेला. म्हणजे राजवाड्याच्या बाबतींत 'हें कोठून आलें?' हा प्रश्न गैरलागू. परंतु निसर्गाच्या बाबतींत तोच प्रश्न आनंदाच्या मुळाशीं! निसर्गापासून होणारा आनंद हा नुसता कानाडोळ्यांचा नसतो. त्यांत 'हें असेंच आहे, कोणीं माझ्यासाठीं केलेलें नाहीं' अशी एक समजूत मिसळलेली असते. ती समजूत काढून घ्या, आणि मग उरलें काय तें पाहा.

झुडपांतला पोरगा आम्हांस लाँचवाल्यानें दाखविला. फरक इतकाच, कीं कांटच्या गोष्टींत एक माणूस लपवून आवाज उत्पन्न केला होता आणि येथें माणसें काढून घेऊन शांतता उत्पन्न झाली आहे.

या ठिकाणीं आमच्याच मनांतला एक वकील उठून उभा राहतो, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे. तो म्हणतो, हें सारें भावनेचें अवडंबर आहे. जगांत अशी कोणती भूमि आहे, कीं जिच्यावरून कोणी ना कोणी उठविला गेला नाहीं? स्कॉटलंडांतील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यांतून 1814 आणि 1819 सालीं कुळांना हुसकून तेथें मेंढ्या सोडल्या. आज लोक तें एकांत पाहावयास मुद्दाम जातात. वर्ड्‌स्वर्थच्या ज्या कवितेंत डोंगराळ मुलखांतील एक कापणीवाली एकटीच गात आहे, ती 1807 सालीं छापली गेली. तिची भाषा कवीला कळत नाहीं, आणि न कळण्यांतच त्याला गोडी वाटते. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांची निसर्गप्रीति तेथूनच आलेली, हेंहि तो वकील आम्हांस टोंचून सांगतो. शिवाय तो विचारतो, कीं धरण झालें तें काय तुमच्या सहलीसाठीं? त्यानें गिरण्या चालल्या, विहिरींवर पंप बसले, लाखों घरांतून दिवे लागले. त्यांतलाच एक तुमच्या टेबलावर आहे. आणि रान परत वाढलें, गवे आले, शेकरू आलें, तें कोणाची लबाडी म्हणून? शीळ घालणारा कस्तूर खराच आहे. त्याच्या गळ्यांत कोणाचा बोरू नाहीं.

यांतील शेवटचा मुद्दा आम्ही विनातक्रार मान्य करतों. पाखरूं खोटें नाहीं, झाड खोटें नाहीं. धरण करूंच नये होतें, असें म्हणण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. 1921 पासून मुळशीच्या खोऱ्यांत सेनापति बापट व त्यांचे सोबती ज्या अधिकारानें तें म्हणाले तो त्यांनीं तुरुंगांत जाऊन मिळविला होता, दिव्याखालीं बसून नव्हे. पण वकिलाचा पहिला मुद्दा आम्हांस पटत नाहीं. सगळीकडेच असें झालें आहे म्हणून येथें झालेल्याची दखल नको, हा न्याय चोराला शोभेल. आणि धरणाची गरज सिद्ध झाल्यानें फार तर धरण बांधणारा मोकळा होतो. तेथें बसून शांततेचा आस्वाद घेणारा आपोआप मोकळा होत नाहीं. दिवा आम्हीं मागितला होता. ही शांतता मात्र आम्हीं मागितली नव्हती, ती वर्ताव्यासारखी मिळाली. आणि वर्ताव्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

येथें एक घरगुती गोष्ट सांगितल्याविना पुढें जातां येत नाहीं. आमचे वडील तरुणपणीं, लग्नापूर्वीं, कांहीं काळ मोजणीच्या कामावर कारकून होते आणि त्या कामाचा एक हंगाम त्यांनीं या खोऱ्यांत काढला होता. जमिनी मोजणारे वेगळे. यांच्याकडे झाडांची नोंद होती. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, प्रत्येकाचें वय, घेर, फळतें कीं न फळतें, असे रकाने. त्या दिवसांविषयीं ते घरांत कधींच बोलत नसत. आम्ही पहिल्यांदां कोयनेवरून येऊन तेथील निवांतपणाचें वर्णन करूं लागलों, तेव्हां त्यांनीं तें ऐकून घेतलें आणि बऱ्याच वेळानें, आईनें पान वाढल्यावर, एक प्रसंग सांगितला. एका म्हाताऱ्याच्या बांधावर सात आंबे होते. वडील लिहीत होते, तो पाठीमागें उभा राहून पाहत होता. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "रावसाहेब, नांवं बी घाला की." खोऱ्यांत प्रत्येक आंब्याला नांव असे, चवीवरून, रंगावरून, कोणीं लावला त्यावरून. त्यानें सातहि नांवें सांगितलीं. पण नमुन्यांत नांवाला रकाना नव्हता. शेऱ्याच्या जागेंत तीं मावलीं असतीं, वडील म्हणाले. पण वरिष्ठ विचारतील, कागद परत येईल, या भीतीनें त्यांनीं लिहिलें, 'आंबा, नग 7, फळते'. "तीं नांवें मला बरेच दिवस पाठ होतीं," एवढें बोलून ते जेवूं लागले. आम्हीं तीं विचारलीं नाहींत. आतां विचारावयास ते नाहींत.

त्या पगारांतील कांहीं पैसे साठवून त्यांनीं आपली राहिलेली परीक्षा दिली, मास्तर झाले, आणि आम्ही शिकलों. तेव्हां या खोऱ्याचें आम्ही देणें लागतों तें कांहीं तत्त्वज्ञानांतलें नव्हे. पण हेंहि खरें, कीं हें सारें ठाऊक असूनहि त्यानंतर वीस वर्षें आम्ही तेथें जात राहिलों आणि आमच्या आनंदांत तिळभर उणें आलें नाहीं. कांट म्हणतो, लबाडी कळतांच पाहुणे उठून जातील. आम्ही उठलों नाहीं. यावरून कांट चुकला असें म्हणावें, कीं आम्हांस जें ठाऊक होतें तें 'कळलें' नव्हतें असें म्हणावें? पहिलें म्हणणें सोयीचें आहे. दुसरें आम्हांस अधिक खरें वाटतें, कारण वडिलांच्या तोंडून ऐकलेली ती गोष्ट आम्हीं वडिलांच्या स्वभावाची गोष्ट म्हणून जपून ठेविली होती, खोऱ्याची म्हणून नव्हे. ज्ञान असतें एका कप्प्यांत आणि आनंद दुसऱ्यांत. दोहोंच्या मध्यें आपण सहसा दार ठेवीत नाहीं.

मग आतां आनंदाचा त्याग करावा काय? आमच्या एका स्नेह्याचें मत तसें पडलें. पण असल्या त्यागानें खोऱ्यांतल्या कोणाचें कांहीं भलें होईल असें आम्हांस दिसत नाहीं. पुनर्वसनाचे राहून गेलेले प्रश्न घेऊन धरणग्रस्तांना 2018 सालीं कोयनानगरास ठाण मांडून बसावें लागलें, त्या वेळीं आमचें तेथें जाणें न जाणें कोणाच्या ध्यानांतहि आलें नसतें. मात्र एक गोष्ट आमच्या हातची आहे, ती शब्दांची. ज्याला खोऱ्यांतला माणूस 'मोकळं झालंय' म्हणतो त्याला आम्ही 'शांत' म्हणत आलों, वर्गांत म्हणत आलों, पूर्वीं याच विषयावर लिहिलेल्या एका लेखांतहि म्हटलें. त्या लेखांत 'मानवी स्पर्शापासून अलिप्त' असे शब्द आहेत. ते शब्द आम्ही येथें परत घेतों.

यंदा आम्ही मार्गशीर्षांत गेलों नाहीं, वैशाखांत गेलों. त्या दिवसांत पाणी बरेंच खालीं उतरलेलें असतें आणि काठचा चिखल वाळून भेगाळलेला असतो. धुकें नाहीं, हिरवळ नाहीं. ऊन इतकें, कीं दगडावर हात ठेववत नाहीं. लाँचवाल्यानें इंजिन बंद करून एके ठिकाणीं बोट दाखविलें. एकाखालीं एक अशा बांधांच्या रेषा उतारावरून पाण्यांत गेलेल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या वरच्या अंगाला कांहीं चौकोनी दगड ओळीनें होते. तें कोणाचें जोतें, हें त्यालाहि सांगतां आलें नाहीं; त्याचा जन्म नंतरचा. तेथें आम्ही अर्धा तास बसलों. वाईट वाटलें असें म्हणावें तर तेंहि पुरतें खरें नाहीं; पाणी निळेंच होतें आणि एक खंड्या त्या जोत्यावर बसून मासा हेरीत होता.

नंतर तो आम्हांस वर आपल्या घरीं घेऊन गेला. घरासमोर पुरुषभर उंचीचें आंब्याचें झाड होतें. आम्हीं त्याचें नांव विचारलें. त्याला वाटलें, आम्ही जात विचारतों आहों.

"हापूस हाय, सर. कलम रत्नागिरीवरनं आणलंय. मोहर येतो चांगला, पर फळ हाताशी यायच्या आदीच पाऊस गाठतो." असें म्हणून तो चहा सांगावयास आंत गेला.